धक्क्यावरचा माणूस

गावाहून मुंबईला निघालेल्या माणसाच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून पत्ता रंगवलेला असे. चाळीचं नाव, माळा, खोलीचा नंबर आणि खाली ‘लालबाग, मुंबई’. अक्षर गावच्या शाळामास्तरांचं. ट्रंकेच्या मालकाला वाचता येवो न येवो, तोच पत्ता त्याच्याकडून तोंडपाठ करून घेतलेला असे, आणि बोटीची तारीख कळवणारं पोस्टकार्ड त्याच्याआधी लालबागला पोचलेलं असे. कार्ड आलं की गावच्या खोलीतल्या कुणी पाळी चुकवून भाऊच्या धक्क्यावर जायचं, ते कारभारी ठरवत.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावाने भाड्याने घेतलेल्या त्या खोलीचे कारभारी बरीच वर्षं माझे आजोबा होते. खोलीच्या काही वह्या वारशाने माझ्याकडे आल्या. वर्गणी, भाडं, दिवाबत्ती, आजारी माणसाला गावी पोचवण्याचा खर्च आणि ‘नवीन आला’ अशी नोंद. मी इतिहासाची शिक्षिका होते, पण मुंबईचा इतिहास मला या वह्यांनी जितका शिकवला तितका पाठ्यपुस्तकांनी शिकवला नाही. परक्या शहरात नवखा माणूस सुखरूप कसा राहिला, हे पाहायचं तर पोलिसांच्या दप्तराआधी गावकीच्या खोल्या पाहाव्या लागतात, असं माझं ठाम मत आहे.

कोकणातून मुंबईला येण्याचा खरा रस्ता समुद्राचा होता. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पण आमच्या मुलखात रेल्वे पूर्णपणे सुरू व्हायला १९९८ साल उजाडावं लागलं. तोवर आगबोट. बोट बंदराबाहेर उभी राही, माणसं पडावातून तिच्यापर्यंत जात आणि ट्रंका दोरीने वर ओढल्या जात. पावसाळ्यात आमच्याकडच्या बोटी बंद, म्हणून जायचं तर मे संपायच्या आत, नाहीतर थेट पावसाळ्यानंतर. डेकवर रात्र काढून, बोट लागून अर्धमेला झालेला माणूस सकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरे तेव्हा त्याच्या अंगात त्राण नसे आणि चारही बाजूंनी हमाल, गाडीवाले आणि ‘कुठं जायचंय पाव्हणं’ म्हणणारे गोळा होत. त्याला फसवायचं असेल तर याहून सोपी वेळ नाही. ट्रंक उचलून चालू लागणारे होते, ‘तुमच्याच गावचा’ म्हणून गोड बोलणारे होते. म्हणून धक्क्यावर आपला माणूस.

आजोबांच्या सूचना ठरलेल्या असत आणि त्या माझ्या वडिलांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकल्या आहेत की मला त्या म्हणून दाखवता येतात. चिल्लर वरच्या खिशात ठेवायची, नोटा बंडीच्या चोरखिशात, आणि चारचौघांत चोरखिशाला हात लावायचा नाही, कारण वारंवार चाचपणारा हातच खिसेकापूला जागा दाखवतो. हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला पाहायचा, त्यावरचा नंबर मोठ्याने म्हणायचा, मगच ट्रंक डोक्यावर द्यायची. व्हिक्टोरियात बसायच्या आधी भाडं ठरवायचं. पत्ता रस्त्यावर उभ्या असलेल्याला विचारायचा नाही, दुकानात बसलेल्याला विचारायचा. तो उद्याही तिथेच असतो. ट्राम किंवा गाडी थांबण्याआधी उतरायचंच नाही, आणि गर्दीने लोटलंच तर तोंड गाडी जाते त्या दिशेला ठेवायचं, कारण पाठ करून उतरणारा मागच्या मागे पडतो.

वाट चुकल्यावर काय करायचं, याचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं: ट्रामचे रूळ गाठ आणि सोडू नको. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली. लालबाग-परळच्या माणसाला एका अंगाला दादर आणि दुसऱ्या अंगाला भायखळा, बोरीबंदर, एवढं कळलं तरी पुरे होतं. रुळांच्या कडेने चालत राहिलं की ओळखीचं काहीतरी लागतंच. मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि पूर्वपश्चिम अरुंद, त्यामुळे नकाशा न पाहिलेल्या माणसालाही हे गणित जमे. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली. दादर टी.टी. हे ट्रामच्या टर्मिनसचं नाव तेवढं अजून लोकांच्या तोंडी आहे. ट्राम गेल्याचं अनेकांना वाईट वाटलं ते गाडीसाठी. मला वाटतं, नवख्या माणसाने पायाखाली धरायची वाट त्या दिवशी गेली.

पण खिसेकापू हा लहान धोका होता. मोठा धोका कामावर लावणाऱ्याचा. गिरणीत भरती मुकादमाच्या हातात असे, आणि तो दस्तुरी घेतल्याशिवाय बदलीवरसुद्धा उभं करत नसे. दस्तुरीसाठी कर्ज, कर्जावर जबर व्याज, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर सावकाराचा माणूस. मुकादमाची ही सत्ता आणि कामगारांचं कर्जबाजारीपण, दोन्हींची नोंद कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालातही आहे. ज्याची मुंबईत ओळख नाही तो पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी मुठीत जाई. गावच्या खोलीने हे थोडंफार अडवलं. काम मिळेपर्यंत वर्गणी माफ, खानावळीत महिन्याचं खातं कारभाऱ्याच्या शब्दावर, आणि दस्तुरी द्यावीच लागली तर ती गावच्या पेटीतून, बिनव्याजी. आमच्या वहीत अशा उसन्या रकमांसमोर ‘फिटले’ असं लिहिलेलं आहे. काही नावांसमोर तसं लिहिलेलं नाही, आणि तरीही ती नावं पुढच्या पानांवर वर्गणीदार म्हणून येत राहतात. मला या पानांचा फार अभिमान वाटतो.

खोली म्हणजे दहा-बारा फुटांची. माणसं तीसचाळीस. हे शक्य झालं ते गिरण्यांच्या पाळ्यांमुळे: रात्रपाळीची माणसं दिवसा झोपत, दिवसपाळीची रात्री, उरलेली गॅलरीत, जिन्यात, उन्हाळ्यात फुटपाथवर. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि ट्रंकेपुरती जागा. चोरी झाली तर बाहेरच्या पोलिसाआधी गावच्या देवासमोर शपथ. आजच्या नजरेला हे जिणं भयाण दिसेल, आणि ते तसं होतंही. क्षयाने गेलेल्या माणसांच्या नोंदी याच वह्यांत आहेत. लालबाग, परळ, करी रोड, माझगाव, डोंगरी, गिरगाव, सगळीकडे अशा खोल्या होत्या, रत्नागिरीच्या गावांच्या तशाच घाटावरच्या गावांच्याही.

याच व्यवस्थेचं गोव्याचं रूप धोबीतलावला पाहायला मिळतं. गोवेकरांचे गावोगावचे ‘कूड’, ज्यांना बाहेरचे लोक क्लब म्हणतात. जेर महाल या इमारतीत असे कितीतरी कूड आहेत. गावच्या संताची वेदी, भिंतीला लागून रचलेल्या पेट्या, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोटीवर नोकरी करणारे तारवटी दोन सफरींच्या मधले दिवस इथे काढत, सफरीवर जाताना पेटी इथेच ठेवून जात. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता, म्हणजे हा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेला. त्यालाही शहरात आधार देणारी गोष्ट गावच होती. लालबागचा वारकरी आणि धोबीतलावचा ख्रिस्ती तारवटी एकमेकांना न विचारता एकाच युक्तीवर आले, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

१७ जुलै १९४७ नंतरच्या आमच्या वहीत एक बदल दिसतो. त्या दिवशी गटारी अमावास्या होती. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या गावचं त्यात कुणी नव्हतं. तरी आजोबांनी तेव्हापासून नवा रकाना आखला: निघणाऱ्याचं नाव, तारीख, बोट, आणि ‘पोचल्याचं कार्ड आलं’. आत येणाऱ्याची नोंद होतीच; बाहेर जाणाऱ्याची त्यानंतर सुरू झाली.

या वह्यांत एकाही बाईचं नाव पाहुणी म्हणून नाही. कूडातही तसंच. माझी आजी पोटाच्या दुखण्यासाठी केईएममध्ये दाखवायला आली तेव्हा कारभाऱ्याची बायको असूनही तिला खोलीत पाय ठेवता आला नाही. लांबच्या नात्यातल्या एका बिऱ्हाडात, परक्या माणसांच्या उपकारावर ती राहिली. ती याबद्दल अखेरपर्यंत रागावलेली होती आणि तिचा राग रास्त होता. गावाने पुरुषांसाठी जे एवढ्या विचाराने उभं केलं, त्याचा विचारही बायकांसाठी केला नाही. बायकांना सुरक्षितपणा मिळाला तो बाहेरून आणि तुकड्यातुकड्यांनी. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रवासी गाड्यांत बायकांसाठी किमान एक डबा राखून ठेवणं बंधनकारक केलं. लोकलचा बायकांचा डबा त्याच परंपरेतला, आणि ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली पहिली महिला विशेष लोकल धावली तीही. रुग्णांबरोबर येणाऱ्या बायकांना गाडगेबाबांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेने छप्पर दिलं. टाटा रुग्णालयात आलेली खेड्यातली कुटुंबं तिथे राहतात. आणि ज्या बायका खोल्यांना जेवू घालत होत्या, पहाटेपासून भाकऱ्या थापत होत्या, त्यांचं स्वतःचं संघटन व्हायला १९७५ साल यावं लागलं, जेव्हा प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. काही विकल्या गेल्या, काही चाळी टॉवरसाठी पाडल्या. भाडेपावतीवर एकाच माणसाचं नाव, हक्क मात्र अख्ख्या गावाचा, यावरून गावागावांत भांडणं झाली, अजून चालू आहेत. आमची खोली टिकली. आता तिथे पोलीस भरतीला किंवा परीक्षेला आलेली मुलं उतरतात. कोकणकन्या एक्स्प्रेस पहाटे मुंबईत शिरते, त्या वेळी फोनवर लोकेशन असलं तरी मुलगा आधी खोलीतल्या कुणाला तरी फोन करतो, आणि कुणीतरी दादरला जातंच.

परीक्षेला मुलीही येतात. त्यांच्यासाठी मी आमच्या गावच्या मंडळाच्या सभेत ठराव मांडला आहे: वर्गणीतून लालबागच्याच परिसरात दुसरी जागा भाड्याने घ्यावी, ती चालवण्यासाठी गावातल्याच मुंबईकर बायकांची समिती असावी, आणि येणाऱ्या मुलीला उतरवून घ्यायला स्टेशनवर त्यांच्यापैकी कुणी जावं. जुन्या सभासदांनी खर्चाचा मुद्दा काढला. मी त्यांना आजोबांच्या वह्या नेऊन दाखवल्या, कोणत्या वर्षी किती माणसांना बिनव्याजी पैसे दिले ते पानं उलटून वाचून दाखवलं. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. ती नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आहे, आणि गावातल्या मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक बाईने तिला यावं म्हणून मी घरोघर फोन करते आहे.