माजी सैनिकांचा परदेश प्रवास आणि उपचारांचा खर्च

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत पिढ्यान् पिढ्या लष्करात माणसे देणारी अनेक गावे आहेत. सातारा जिल्ह्यातील एक गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' याच नावाने ओळखले जाते. या गावांतील निवृत्त जवान आणि सुभेदार यांची मुले शिकून पुण्या-मुंबईला आणि तेथून पुढे अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, आखाती देश येथे नोकरीसाठी गेली. नातवंडाच्या जन्माच्या निमित्ताने किंवा मुलाच्या आग्रहाखातर साठी-सत्तरीतील आई-वडील चार-सहा महिने परदेशी जाऊन राहतात. प्रवासाच्या तयारीत तिकीट, व्हिसा, थंडीचे कपडे, लोणच्याच्या बरण्या असे सारे काही आठवते. तेथे आजारी पडल्यास खर्च कोण करणार, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात निघतो. 'आपल्याकडे ईसीएचएसचे कार्ड आहेच' असे उत्तर देऊन तो मिटवलाही जातो. हे उत्तर चुकीचे आहे आणि त्याची किंमत मोठी ठरू शकते.

कार्ड कोठपर्यंत चालते?

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. त्यापूर्वी निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयांतील उपलब्ध जागांवर आणि सवलतींवरच अवलंबून राहावे लागे. या योजनेने निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक, त्याची पत्नी आणि अवलंबित कुटुंबीय यांना आयुष्यभराचे संरक्षण दिले. निवृत्तीच्या वेळी एकदाच अंशदान भरावयाचे, नजीकच्या पॉलिक्लिनिकमध्ये तपासून घ्यावयाचे आणि गरज पडल्यास तेथून मिळालेल्या पत्रावर नामिकेतील खासगी रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार घ्यावयाचे, अशी तिची रचना आहे. देशभरात चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत. महाराष्ट्रात पुणे, मुंबई आणि नागपूर येथे प्रादेशिक केंद्रे आहेत.

आणीबाणीच्या प्रसंगी नामिकेबाहेरील रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवून नंतर खर्चाची मागणी करता येते. ही भरपाई केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे सीजीएचएसच्या दरांनी मिळते. रुग्णालयाने आकारलेली पूर्ण रक्कम हाती पडेल असे नाही.

ही सारी व्यवस्था भारतातील आहे. नेपाळमध्ये राहणाऱ्या गोरखा माजी सैनिकांसाठी त्या देशात सोय करण्यात आली आहे, तो अपवाद होय. न्यू जर्सी, लंडन वा दुबई येथील रुग्णालयाच्या खिडकीवर हे कार्ड ठेवून उपचार मिळत नाहीत. मुलाकडे गेले असताना अचानक उद्भवलेल्या आजाराचे बिल मायदेशी परतल्यावर पॉलिक्लिनिककडून वसूल होईल, या भरवशावरही कोणी प्रवासास निघू नये. थोडक्यात, विमानात बसल्यापासून परत उतरेपर्यंत माजी सैनिक हा संरक्षणाच्या दृष्टीने इतर कोणत्याही ज्येष्ठ नागरिकासारखाच असतो.

इतर देश काय करतात?

आपल्या सैनिकांच्या बाबतीत इतर देशांची रीत काय आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवहार खात्याचा 'फॉरेन मेडिकल प्रोग्रॅम' हा परदेशात राहणाऱ्या वा प्रवास करणाऱ्या माजी सैनिकांसाठी आहे. परंतु त्याची मर्यादा स्पष्ट आहे. ज्या व्याधीचा संबंध लष्करी सेवेशी असल्याचे खात्याने मान्य केले आहे, तिच्यावरील आणि तिला बळावणाऱ्या विकारावरील उपचारांचाच खर्च मिळतो. युद्धात दुखावलेल्या गुडघ्यावर बँकॉकमध्ये वा पुण्यात उपचार केल्यास भरपाई मिळू शकते. त्याच माणसाला तेथे न्यूमोनिया झाला आणि त्याचा मान्य व्याधीशी संबंध नसला, तर मिळत नाही. शंभर टक्के अपंगत्व मान्य झालेल्या सैनिकालाही हाच नियम लागू आहे. बहुतेक वेळा रुग्णाला पैसे आधी स्वतः भरावे लागतात आणि उपचारांपासून दोन वर्षांच्या आत मागणी दाखल करावी लागते. अमेरिकेतील ज्येष्ठांची 'मेडिकेअर' योजनाही मोजके अपवाद वगळता देशाबाहेर लागू होत नाही.

ऑस्ट्रेलियाचीही तीच तऱ्हा आहे. तेथील माजी सैनिकांना मिळणारे उपचारांचे कार्ड देशाबाहेर वापरता येत नाही. मात्र सेवेमुळे झालेली म्हणून मान्य असलेली व्याधी प्रवासात उफाळली, तर खर्चाची भरपाई मागता येते. उपचारांसाठीच परदेशी गेल्यास तीही नाही.

या दोन्ही देशांनी एक तत्त्व मानले आहे. सेवेत झालेली जखम माणसाबरोबर सीमा ओलांडते, म्हणून शासनाची जबाबदारीही तिच्यामागे जाते. इतर आजारांची काळजी प्रवाशाने स्वतः घ्यावयाची. आपल्याकडे 'लष्करी सेवेमुळे उद्भवलेली वा सेवेमुळे बळावलेली' व्याधी ही संकल्पना अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी पूर्वीपासून आहे. वैद्यकीय मंडळ तशी नोंद करते आणि तिचे कागद सैनिकाजवळ असतात. अशा व्याधीपुरते तरी परदेशातील तातडीच्या उपचारांना संरक्षण मिळावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. तोवर मात्र आपली व्यवस्था आपणच करणे भाग आहे.

विम्यातील खाचखळगे

परदेश प्रवासाचा विमा घेणे हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. अडचण येते ती 'पूर्वीपासून असलेले आजार' या शब्दांपाशी. रक्तदाब, मधुमेह, झालेली अँजिओप्लास्टी, मणक्याचे दुखणे, जुन्या जखमेचे परिणाम हे सारे यात मोडते. अनेक पॉलिसींमध्ये अशा आजारांमुळे झालेला खर्च सरसकट वगळलेला असतो. काहींमध्ये केवळ जीव धोक्यात असताना, तोही ठरावीक रकमेपर्यंत, दिला जातो. अमेरिकेतील कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या काही पॉलिसींत जुन्या आजाराने 'अचानक' घेतलेल्या उग्र वळणाला संरक्षण असते. पण त्याची व्याख्या, वयोमर्यादा आणि रक्कम प्रत्येक पॉलिसीत निराळी असते.

पॉलिसी घेताना पुढील गोष्टी कागदावर वाचूनच खात्री करावी.

१. आजार लपवू नये. हप्ता कमी बसावा म्हणून 'कोणताही आजार नाही' असे लिहिणे हा सर्वांत महागडा मोह आहे. माजी सैनिकाच्या बाबतीत तर तो निरर्थकही आहे, कारण निवृत्तीच्या वेळची वैद्यकीय श्रेणी, अपंगत्वाची टक्केवारी आणि पॉलिक्लिनिकमधील औषधांची नोंद हे सर्व लेखी असते. माहिती दडवल्याचे आढळल्यास मागणी फेटाळली जाऊ शकते.

२. एकूण रकमेबरोबर पोटमर्यादाही पाहाव्यात. मुखपृष्ठावरील मोठा आकडा खरा असला, तरी आत साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी खोलीचे भाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया यांवर स्वतंत्र मर्यादा असू शकतात.

३. प्रत्येक मागणीत आपण स्वतः सोसावयाची रक्कम, म्हणजे 'डिडक्टिबल', किती ते पाहावे.

४. रुग्णाला वैद्यकीय देखरेखीखाली मायदेशी आणण्याचा आणि दुर्दैवाने मृत्यू ओढवल्यास पार्थिव आणण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये. माजी सैनिकाला पहिल्या तरतुदीचे महत्त्व अधिक आहे. प्रकृती प्रवासास योग्य होताच भारतात परतता आले, तर पुढील उपचारांसाठी ईसीएचएसचे दार पुन्हा उघडते.

५. भारतीय कंपन्यांची पॉलिसी साधारणतः प्रस्थानापूर्वीच घ्यावी लागते. मुक्काम वाढणार असल्यास मुदतवाढीचे नियमही आधीच विचारून घ्यावेत.

नेहमीची तपासणी, चालू औषधे, चष्मा, कृत्रिम अवयवाची दुरुस्ती हे खर्च प्रवास विम्यात बहुधा येत नाहीत. डॉक्टरांनी मनाई केली असताना प्रवास केल्यासही संरक्षण मिळत नाही.

देशागणिक नियम वेगळे

युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे. कॅनडाच्या पालकांसाठी असलेल्या सुपर व्हिसाला किमान एक वर्षाचा आणि एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी अशी अट नाही, म्हणूनच तेथे जाणारे अनेक जण विम्याविना जातात. उपचार मात्र तेथेच फार महाग आहेत. १९८६ च्या कायद्यानुसार तेथील आणीबाणी विभागाला रुग्णाची प्रकृती पैशांची विचारणा न करता स्थिर करावी लागते. याचा अर्थ उपचार मोफत मिळतात असा नाही. बिल नंतर येते.

इंग्लंडमध्ये अपघात व आणीबाणी विभागातील तपासणी पाहुण्यांनाही मोफत आहे. पण रुग्णालयात दाखल करून घेतल्यावर पाहुण्यांकडून सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते. पाचशे पौंड वा अधिक रक्कम दोन महिन्यांहून जास्त काळ थकल्यास पुढील व्हिसा नाकारला जाऊ शकतो. तात्पर्य, एका आजारपणाची थकबाकी नातवंडांच्या पुढच्या भेटीच्या आड येऊ शकते.

औषधे आणि कागदपत्रे

पॉलिक्लिनिकमधून औषधे एरवी थोड्या मुदतीची मिळतात. दीर्घ प्रवासासाठी किती दिवसांची देता येतील, याची चौकशी तिकीट आणि व्हिसाच्या प्रती घेऊन निदान महिनाभर आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे करावी. कमी पडणारी औषधे विकत घेऊन ठेवावीत. औषधे मूळ वेष्टनात, हातातील सामानात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीत कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव असावे, कारण आपल्याकडील व्यापारी नावे तेथील डॉक्टरांना ठाऊक नसतात.

जुन्या जखमांच्या वेदनांसाठी काही माजी सैनिक ट्रामाडॉल किंवा प्रिगॅबालिन घेतात. या औषधांबाबत विशेष सावध राहावे. संयुक्त अरब अमिरातीत ती नियंत्रित औषधांत मोडतात आणि ती नेण्यापूर्वी तेथील आरोग्य खात्याची परवानगी घ्यावी लागते. इंग्लंडनेही एप्रिल २०१९ पासून प्रिगॅबालिन आणि गॅबापेंटिन नियंत्रित यादीत घातली आहेत. तेथे डॉक्टरांचे पत्र जवळ असावे आणि तीन महिन्यांहून अधिक साठा नेऊ नये. त्याहून अधिक नेण्यास परवाना लागतो.

सैनिकाच्या शरीराचा इतिहास इतरांहून वेगळा असतो. शरीरात राहून गेलेला छर्रा, हाडात बसवलेली पट्टी, तोफांच्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती, हिमदंशाने गमावलेली बोटे या गोष्टी परक्या देशातील डॉक्टरला सांगितल्याशिवाय कळणार नाहीत. शरीरात धातूचा तुकडा असताना एमआरआय तपासणी धोक्याची ठरू शकते. रुग्ण बेशुद्ध असेल, तर हे सांगणार कोण? म्हणून एका पानाचा वैद्यकीय गोषवारा इंग्रजीत करून घ्यावा. त्यात आजार, शस्त्रक्रियांची वर्षे, शरीरातील धातू, अ‍ॅलर्जी, रक्तगट, चालू औषधे आणि मात्रा एवढे असावे. एक प्रत पासपोर्टमध्ये, एक पत्नीजवळ आणि एक मुलाच्या फोनमध्ये ठेवावी. कृत्रिम पाय वापरणाऱ्यांनी पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून किंवा जेथे तो बसवला तेथून प्रवासापूर्वी तपासून घ्यावा आणि सुटे भाग बरोबर ठेवावेत.

प्रसंग ओढवल्यास

तातडीच्या प्रसंगी प्रथम रुग्णालय गाठावे. विम्याचा विचार त्यानंतर. मात्र दाखल होताच पॉलिसीवरील मदत क्रमांकावर कळवावे. उशीर झाल्यास मागणीत अडथळे येतात. बिले, तपासण्यांचे अहवाल, रुग्णालयातून सोडतानाचा सारांश आणि पैसे भरल्याच्या पावत्या या चारही गोष्टी हाती घेतल्याखेरीज रुग्णालय सोडू नये. मायदेशी परतल्यावर हेच कागद पॉलिक्लिनिकमध्ये दाखवावेत, म्हणजे पुढील उपचार जेथे थांबले तेथून सुरू होतील.

लष्करात कोणतीही तुकडी रसद तपासल्याशिवाय निघत नाही. निवृत्तीनंतरच्या या प्रवासालाही तोच नियम लागू आहे. आयुष्यभर साठवलेला निधी एका रात्रीच्या अतिदक्षता विभागात संपू नये आणि आई-वडिलांना प्रेमाने बोलावणारा मुलगा कर्जात बुडू नये, एवढ्यासाठी प्रस्थानापूर्वीचे दोन दिवस या कागदांसाठी राखून ठेवावेत.