वंशावळीतली आत्या

पुतण्याच्या जात पडताळणीसाठी विठ्ठलवाडीच्या घरी आम्ही वंशावळ लिहायला बसलो आणि अडलो. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. वडिलांचा शाळेचा दाखला २६ जुलै २००५ ला वालधुनी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हाच लगदा होऊन गेला होता. दुसरी प्रत येईपर्यंत प्रवेशाची मुदत थांबणार नव्हती.

संस्कृतात ‘वंश’ म्हणजे वेळूही. पेरावर पेर चढवत वाढणारा. ‘आवली’ म्हणजे ओळ. शब्द असा बेटातला, पण वंशावळ कागदावर उतरायची ती बऱ्याचदा हक्काच्या तंट्यापायी. शिवकाळात पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी ही वतनं पिढीजात चालत. भाऊबंदकी पेटली की गोतसभा बसे आणि दोन्ही पक्ष आपापला करीना मांडत: मूळ पुरुष कोण, वतन कुणी मिळवलं, कोण मारला गेला, कोण परागंदा झाला. निवाड्याचा महजर होई. पाटील त्यावर नांगराची निशाणी करी. कारीच्या जेध्यांचा करीना तर आज शिवकाळाच्या इतिहासाचं मोलाचं साधन आहे. पुढे इंग्रजांनी १८५२ च्या कायद्यानं इनामांची चौकशी चालवली, तेव्हा इनामदारांना पुन्हा पिढ्या मोजून दाखवाव्या लागल्या.

अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातही पिढ्यांची नोंद अशीच पुराव्याला उभी राहिली. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवा निवृत्तिवेतन मागत, तेव्हा लग्नाचा दाखला नसला तर घरच्या बायबलमधलं जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडत. अशी कितीतरी पानं तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ती वाचताना मन भरून येतं; पण त्याच देशाची दुसरी वंशावळ विसरवत नाही. व्हर्जिनियात १६६२ च्या कायद्यानं मूल आईच्या वळणावर गेलं: आई गुलाम, तर मूलही गुलाम, बाप कुणीही असो. सुटका मागणाऱ्याला कोर्टात आपली आई किंवा आजी स्वतंत्र होती हे सिद्ध करावं लागे.

आपल्या जुन्या वंशावळींत तर आई शोधूनही सापडत नाही. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. लेकी सासरी गेल्या की ओळीतूनही गेल्या. आम्हीही सवयीनं पहिला कच्चा कागद तसाच लिहिला होता.

अंबरनाथहून आत्या आली. पत्र्याच्या पेटीतून तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्वतःचा दाखला काढला. चौथीनंतर शाळा सोडली, साल १९५९, जातीची नोंद स्पष्ट. साठ वर्षांहून जास्त काळ तिनं तो का जपला, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. रक्ताच्या नात्यातला पुरावा म्हणून तोच जोडायचा ठरला.

वडिलांच्या नावाशेजारी नवी रेघ ओढली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. आत्यानं चष्मा पुसला आणि एकेक अक्षर दाबून, पासष्ट वर्षांपूर्वीचं आपलं माहेरचं नाव लिहिलं.