दाते, केशवराव त्र्यंबक
(१८८९–१९७१). मराठी रंगभूमी व चित्रपट यांतील चतुरस्र नट. जन्म राजापूर तालुक्यातील, महाकालीच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेल्या आडिवरे येथे. महाराष्ट्र नाटक मंडळीत ज्यांची अभिनयकला प्रथम परिपक्व झाली, त्या दात्यांनी पुढे, वास्तववादी नाट्याची प्रतिष्ठापना ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या प्रयोगाने करणाऱ्या नाट्यमन्वंतर संस्थेच्या उभारणीत भाग घेतला. प्रभात या चित्रपटसंस्थेच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटाच्या मराठी आवृत्तीतील राजगुरू, ‘कुंकू’मधील (१९३७) तरुण पत्नीच्या निश्चयापुढे अंतर्मुख होणारे वृद्ध काकासाहेब आणि ‘शेजारी’तील (१९४१) पाटील या परस्परभिन्न भूमिकांतून त्यांच्या संयत अभिनयाचा आवाका प्रत्ययास येतो. राजकमल या चित्रपटसंस्थेसाठी त्यांनी ‘भक्तीचा मळा’ (१९४४) हा चित्रपट दिग्दर्शित केला.