जुन्या गाडीची खोड

जुने देऊन नवे घेण्याचा व्यवहार आपल्याकडे घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दारावर बोहारीण येते, जुनी लुगडी-धोतरे चाचपून पाहते आणि त्यांच्या बदली एखादे पातेले देऊन जाते. सोनार जुनी बांगडी मोडीत घेतो, घट वजा करतो आणि नवी घडवून देतो. या व्यवहारांत जुन्या वस्तूचे पुढे काय झाले, याची चिंता देणाऱ्याने वाहण्याचे कारण नसते. लुगडे विरून जाते, सोने तर मुशीत वितळूनच जाते. मोटारगाडीची गोष्ट मात्र निराळी आहे. ती मोडीत दिली असे आपण म्हणतो, पण ती मोडली जात नाही. धुऊनपुसून, रंगाचा हात फिरवून ती पुन्हा रस्त्यावर येते आणि तिच्यात तिसऱ्याच कोणाची तरी बायकामुले बसतात.

आता समजा, त्या गाडीत कारखान्यातूनच राहून गेलेला एखादा जीवघेणा दोष आहे. कारखानदाराने तो जाहीर केला आहे, गाड्या माघारी बोलावल्या आहेत आणि दुरुस्ती फुकट करून देण्याचे कबूल केले आहे. यालाच ‘रिकॉल’ म्हणतात. पहिल्या मालकाने पत्र वाचून बाजूला ठेवले, दुरुस्ती केली नाही, आणि तशीच गाडी विक्रेत्याला देऊन नवी घेतली. विक्रेत्याने ती पुढे विकली. मग त्या दोषाची माहिती सांगण्याचे कर्तव्य कोणाचे? मालकाचे, विक्रेत्याचे, कारखानदाराचे की सरकारचे? मोटारींचा देश म्हणून प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेला हा प्रश्न शंभर वर्षे छळतो आहे. त्या शंभर वर्षांचा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

प्रश्न मुळात मोटारीहून पुष्कळच जुना आहे. बैलबाजारात गेलेल्या माणसाला जनावराची खोड म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रोगी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या ईडाइल या अधिकाऱ्यांनी गुलाम आणि ओढीची जनावरे विकणाऱ्यांवर असे बंधन घातले होते की, मालातील रोग व खोड विकतेवेळीच उघड सांगितली पाहिजे. न सांगितल्यास खरेदीदाराला सहा महिन्यांच्या आत माल परत करण्याचा हक्क होता. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबबदेखील तेथे चालत नसे. पुढे इंग्रजी कायद्यात मात्र ‘घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत’ हे सूत्र प्रबळ झाले आणि अमेरिकेने तेच वारशाने घेतले. बैलाचे दात घेणाऱ्याला मोजता येतात, पण मोटारीच्या पोटातील नळी कशी पाहावी? येथेच जुने सूत्र तोकडे पडू लागले.

पहिला मोठा धक्का १९१६ साली बसला. न्यूयॉर्क राज्यात मॅकफर्सन नावाच्या गृहस्थाने विक्रेत्याकडून ब्यूइक गाडी घेतली होती. चालत्या गाडीच्या लाकडी चाकाचे आरे मोडले आणि तो फेकला जाऊन जखमी झाला. कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही गाडी विक्रेत्याला विकली, या गृहस्थाशी आमचा करार नाही, शिवाय चाकही दुसऱ्या कारखान्याचे. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी हे म्हणणे फेटाळले. निष्काळजीपणे बनविलेली जी वस्तू धोकादायक होणार हे उघड आहे, तिच्या कर्त्याची जबाबदारी विक्रेत्याच्या दुकानापाशी संपत नाही, असा निकाल त्यांच्या न्यायालयाने दिला. जबाबदारी कराराच्या कागदाला चिकटलेली नसून वस्तूबरोबर चालत जाते, हे तत्त्व येथे रुजले. पुढील सगळा इतिहास हे तत्त्व कुठवर पोहोचले आणि कुठे अडले, याचाच आहे.

त्याच सुमारास जुनी गाडी देऊन नवी घेण्याची चाल पडू लागली. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींची मजल गाठली. ज्याला पहिली गाडी घ्यावयाची होती त्याने ती घेतली होती. आता त्याला दुसरी विकावयाची तर पहिलीचे काय करावयाचे? जनरल मोटर्सचे सूत्रधार आल्फ्रेड स्लोन यांनी हे नेमके हेरले. हप्त्याने विक्री, जुन्या गाडीची बदली, बंद टपाची गाडी आणि दरसाल नवे रूप या चार गोष्टींनी १९२० नंतरचा मोटारबाजार पालटला, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे. जुनी गाडी ही नव्या गाडीची पहिली रक्कम झाली. विक्रेत्याच्या अंगणात जुन्या गाड्यांची रांग लागली आणि एकेक गाडी दोन-तीन धन्यांच्या हातून जाऊ लागली. व्यापाराच्या दृष्टीने ही युक्ती अजोड होती. परंतु गाडी जितके हात बदलते तितकी तिच्या दोषांची आठवण पुसत जाते, हे त्या वेळी कोणी ध्यानात घेतले नाही.

१९६५ च्या नोव्हेंबरात राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर गाडीपासून सुरुवात करून त्याने एकंदर मोटारधंद्यावरच खटला मांडला होता. जनरल मोटर्सने त्याच्या खासगी आयुष्यावर गुप्त हेर सोडले. ते उघडकीस आले, आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. दोष आढळला की कारखानदाराने तो मालकाला कळविलाच पाहिजे, असे बंधन प्रथमच आले.

हा कायदा मोठाच, पण त्यात दोन भोके राहिली होती. एक तर दोष कळविणे सक्तीचे होते, फुकट दुरुस्ती सक्तीची नव्हती. दुसरे, पत्र जावयाचे ते पहिल्या खरेदीदाराला, किंवा ज्याच्या नावे गाडीची हमी बदलून दिली असेल त्याला. हमी संपल्यावर जुनी गाडी घेणारा हिशेबातच नव्हता. ज्याने गाडी देऊन टाकली त्याच्या दारात पत्र, आणि जो ती चालवीत होता तो अंधारात! १९७४ च्या दुरुस्तीने ही भोके बरीचशी बुजविली. दुरुस्ती फुकट झाली आणि पत्र राज्याच्या दप्तरी नोंदलेल्या मालकाला जाऊ लागले. तरीही हस्तांतराच्या क्षणी काय, हा प्रश्न उरलाच. विक्रेत्याच्या अंगणात गाडी उभी आहे, जुन्या मालकाचे नाव पुसले आहे, नव्याचे चढावयाचे आहे, अशा वेळी तिची खोड उघड करण्याचे बंधन संघराज्याच्या या कायद्याने कोणावरच घातले नाही.

या काळात एका अर्थशास्त्रज्ञानेही जुन्या मोटारींच्या बाजाराकडे लक्ष वेधले. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचे सार असे: विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरसकट हातचे राखून किंमत देतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते आणि वाईट तेवढी मागे उरते. म्हणजे लपविलेल्या दोषाने एकट्या घेणाऱ्याचे नुकसान होत नाही, प्रामाणिक विक्रेत्याचाही धंदा बसतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

आकडेमोडीपलीकडचे दुःख २००४ च्या ऑक्टोबरात समोर आले. कॅलिफोर्नियात दोन तरुण सख्ख्या बहिणी भाड्याची मोटार घेऊन निघाल्या होत्या. त्या जातीच्या गाड्यांना सुकाणूच्या नळीतून तेल गळून आग लागण्याचा धोका होता. गाड्या माघारी बोलावल्याची सूचना भाडे कंपनीला मिळालेली होती, तरी दुरुस्ती न करताच ती गाडी भाड्याने दिली गेली. वाटेत आग लागली, गाडीचा ताबा सुटला, समोरच्या मालमोटारीवर ती आदळली आणि दोघी ठार झाल्या. २०१० मध्ये पंचांनी दीड कोटी डॉलरची भरपाई ठरविली. त्यांच्या आईने मात्र तेवढ्यावर न थांबता कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. ४ डिसेंबर २०१५ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या कायद्यात तिच्या दोन्ही लेकींची नावे घालून एक प्रकरण आले. पस्तीसहून अधिक गाड्या बाळगणाऱ्या भाडे कंपन्यांना दोष दुरुस्त केल्याखेरीज अशी गाडी भाड्याने देण्यास त्याने बंदी केली. वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्यांनाही हाच नियम लावावा असे प्रस्ताव काँग्रेसपुढे आले होते. ते कायद्यात उतरले नाहीत. नवी गाडी दुरुस्तीखेरीज विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही; जुनी मात्र विकता येते, अशी विचित्र स्थिती झाली.

विक्रेत्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, रिकॉलची दुरुस्ती फक्त त्या कंपनीचा अधिकृत विक्रेताच करू शकतो. फोर्डच्या दुकानात होंडा गाडी बदलीला आली तर तिथला कारागीर काय करणार? शिवाय सुटा भागच मिळत नसेल तर गाडी महिनोन्‌महिने अंगणात पडून राहणार. मग विक्रेता एकतर ती घेणार नाही, किंवा कवडीमोलाने घेईल. मालक ती परस्पर कोणाला तरी विकून टाकील आणि दोष तसाच राहील. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. टाकाटा कंपनीच्या हवापिशव्यांच्या वेळी ते दिसून आले. अपघाताच्या क्षणी पिशवी फुगविणाऱ्या धातूच्या डबीत अमोनियम नायट्रेट भरलेले होते. वर्षानुवर्षे उष्ण व दमट हवेत राहून ते बिघडे, आणि मग डबीच फुटून तिचे तुकडे माणसाच्या गळ्यात घुसत. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या बदलावयाच्या ठरल्या. इतके सुटे भाग एकदम आणावयाचे कोठून? ३० जून २०१६ रोजी सरकारला काही जुन्या होंडा गाड्यांच्या मालकांना सांगावे लागले की, गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवूच नका. त्या गाड्यांतील डबी फुटण्याचा संभव चाचण्यांत निम्म्यापर्यंत आढळला होता. बळी पडलेल्यांत अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेले लोकही होते.

ऑटोनेशन या अमेरिकेतील बलाढ्य विक्रेता कंपनीने सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केले की, रिकॉल बाकी असलेली एकही गाडी आम्ही विकणार नाही. चौदा महिन्यांत, नोव्हेंबर २०१६ मध्ये, तिने हा निश्चय सोडला. इतर दुकानदार तशा गाड्या खुशाल विकत असताना एकट्याने व्रत पाळणे परवडत नव्हते. सचोटी एकट्याच्या गळ्यात पडली की ती तोट्याची होते. सर्वांना सारखी लागू झाली तरच टिकते. नियमाची गरज असते ती यासाठीच.

बंदी नसली तरी प्रकाशाची काही सोय झाली. १९८१ पासून गाड्यांना सतरा अक्षर-अंकांचा एकसारखा ओळखक्रमांक असतो. ऑगस्ट २०१४ पासून अमेरिकेत हा क्रमांक देऊन कोणत्याही गाडीची राहिलेली दुरुस्ती कोणालाही फुकट पाहता येऊ लागली. २०१६ साली तेथील व्यापार आयोगाने जनरल मोटर्स आणि काही विक्रेत्यांना समज दिली की, ‘कसून तपासलेली गाडी’ अशी जाहिरात करावयाची आणि राहिलेला रिकॉल सांगावयाचा नाही, हे चालणार नाही. विकण्याची मुभा राहिली, पण बढाई मारावयाची तर खोडही सांगावी लागेल, इतके ठरले.

आपल्याकडे या प्रश्नाचा प्रवास उशिरा सुरू झाला. २०१२ साली मोटार कारखानदारांच्या संघटनेने स्वेच्छेने गाड्या माघारी बोलावण्याची संहिता स्वीकारली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले आणि सरकारला दोषी गाड्या माघारी बोलावण्याचा हुकूम कारखानदारास देता येऊ लागला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सक्तीने गाड्या बोलवाव्या लागल्यास दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे. हे कलम कारखानदाराला उद्देशून आहे. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत रोज जुन्या गाड्या हात बदलतात. त्या क्षणी देणारा-घेणारा एकमेकांशी काय बोलतात, हे या कलमाच्या कक्षेत येत नाही. ते आपल्यावरच सोडलेले आहे.

म्हणून या इतिहासातून नागरिकाने घ्यावयाचा बोध साधा आहे. गाडी बदलीला देण्यापूर्वी तिचा क्रमांक कंपनीच्या अधिकृत दुकानी दाखवावा; रिकॉल निघाला असेल तर दुरुस्ती करून घ्यावी, तिला पैसा पडत नाही, फार तर एक दिवस जातो. सुटा भाग मिळत नसेल तर तसे लेखी घ्यावे आणि तो कागद गाडीबरोबर पुढच्याच्या हाती द्यावा. जुनी गाडी घेणाऱ्याने रंग आणि किलोमीटर पाहण्याच्या आधी हा प्रश्न विचारावा, आणि विक्रेत्याने उत्तर देण्यास काचकूच केली तर ते दुकान सोडावे. १९१६ साली न्यायालयाने म्हटले की कर्त्याची जबाबदारी वस्तूबरोबर चालत जाते. ती वाटेत हरवू द्यावयाची नसेल, तर गाडी ज्याच्या ज्याच्या हातून जाते त्या प्रत्येकाने ती पुढच्याच्या हाती पोहोचविली पाहिजे. कायदा उद्या येईल तेव्हा येवो. ज्या अनोळखी घरात आपली जुनी गाडी जाणार आहे, त्या घरातील पोर तिच्या मागच्या आसनावर आजच बसणार आहे.