चार्ली चॅनचे बोलपट आणि त्यांचे तीन प्रेक्षकवर्ग

जुन्या बोलपटांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणेच निर्मितीकडे वळते. कंपनी कोणती, दिग्दर्शक कोण, नट कोण, याची नोंद काळजीपूर्वक होते. पण तो बोलपट पुढे कोणी, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत पाहिला, हा प्रश्न बहुधा उपेक्षित राहतो. डिटेक्टिव्ह बोलपटांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते. रहस्य एकदा उलगडले की असा बोलपट पुन्हा पाहण्याचे प्रयोजन वस्तुतः उरू नये. तथापि अमेरिकेतील रसिक एकत्र जमून हे बोलपट पुनःपुन्हा पाहत आले आहेत. या पुनर्दर्शनाचा अर्थ तपासण्यास चार्ली चॅनची मालिका हे उत्तम उदाहरण होय.

होनोलुलूच्या पोलीस खात्यातील हा चिनी डिटेक्टिव्ह एर्ल डेर बिगर्स यांच्या १९२५ सालच्या कादंबरीत प्रथम अवतरला. त्याच शहरात त्या काळी चँग अपाना हे चिनी वंशाचे डिटेक्टिव्ह प्रत्यक्षात काम करीत होते. येथे काळ ध्यानात घेतला पाहिजे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली होती आणि ही बंदी १९४३ पर्यंत उठली नाही. लोकप्रिय वाङ्मयात चिनी माणूस म्हणजे सॅक्स रोमरचा कपटी फू मान्चू, असे समीकरण १९१३ पासून रूढ होत गेले होते. अशा काळात श्रीमंत गोऱ्यांच्या दिवाणखान्यात उभा राहून त्यांच्यातीलच खुनी दाखवून देणारा चिनी नायक ही लहान गोष्ट नव्हती. परंतु पडद्यावर ही भूमिका गाजविली ती स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंडने. आणि १९२९ मध्ये फू मान्चूची भूमिकाही त्यानेच केली होती. सन्मान आणि अवहेलना यांची ही सांगड मालिकेच्या मुळातच आहे.

ओलंडने १९३१ पासून सोळा बोलपटांत चॅन रंगविला. १९३८ मध्ये त्याचे निधन झाल्यावर सिडनी टोलरने बावीस आणि रोलंड विंटर्सने सहा बोलपट केले. १९४९ मध्ये ही परंपरा थांबली. दोघेही गोरेच होते. चॅनच्या थोरल्या मुलाचे काम मात्र के ल्यूक या चिनी वंशाच्या नटाकडे होते. या पहिल्या कालखंडातील प्रेक्षक केवळ अमेरिकन नव्हता. ओलंड १९३६ मध्ये शांघायला गेला तेव्हा तेथे त्याचे स्वागत झाले, आणि पुढे चिनी निर्मात्यांनी चिनी नट घेऊन स्वतःचे चॅन-बोलपटही काढले. म्हणजे ज्यांचे हे चित्रण होते, त्यांच्यापैकी काहींना तरी त्या काळी ते आपलेसे वाटले होते.

दुसरा प्रेक्षकवर्ग दूरचित्रवाणीने घडविला. जुने बोलपट घरोघरी दिसू लागले, आणि अमेरिकेतच वाढलेल्या चिनी वंशाच्या पिढीने ते पाहिले. चॅनची मोडकी इंग्रजी, त्याची सुभाषिते, त्याची अतिनम्रता आणि रंगभूषेने बनविलेला चेहरा या पिढीला बोचला. फ्रँक चिनसारख्या लेखकांनी १९७० नंतर या प्रतिमेवर कठोर टीका केली. बोलपट तेच होते. भोवतालचा समाज बदलला होता.

तिसरा प्रसंग २००३ सालचा. फॉक्सच्या चित्रपटवाहिनीने या बोलपटांचा महोत्सव जाहीर केला आणि आशियाई-अमेरिकन संघटनांनी आक्षेप घेताच तो रद्द केला. यावर रसिकांनी निषेध नोंदविला. अखेर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बोलपट दाखविण्यात आले. पण प्रत्येकानंतर जॉर्ज टाकेई यांच्या पुढाकाराने आशियाई-अमेरिकन कलावंतांची चर्चा ठेवण्यात आली, आणि त्यांतील बहुतेकांचे मत प्रतिकूल होते.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे अंशतः खरे आहे. न दाखविलेला बोलपट विस्मरणात जातो, आणि विस्मृतीतून नाशाकडे जाणारा मार्ग फार लांब नसतो. ओलंडचे पहिल्या काळातील चार चॅन-बोलपट आज लुप्त आहेत. त्यांतील १९३१ च्या पहिल्याची कल्पना येते ती केवळ त्याच कथेच्या समकालीन स्पॅनिश आवृत्तीवरून. रसिकांची आवड नसती तर उरलेल्यांकडेही फारसे कोणी वळले नसते. उलटपक्षी, केवळ आवडीने पाहणारा प्रेक्षक रहस्याच्या धाग्यात इतका गुंततो की गोऱ्या नटाच्या चेहऱ्यावरील रंग त्याला दिसेनासा होतो. तो दाखवून देण्याचे काम टीकाकारांनी केले.

म्हणून २००३ ची तडजोड नाइलाजाने झाली असली तरी इतिहासदृष्ट्या ती महत्त्वाची ठरते. आधी बोलपट संपूर्ण पाहणे, आणि मग ज्यांचे चित्रण त्यात झाले आहे त्यांचे ऐकणे, हा क्रम तिने घालून दिला. चॅनच्या कथांत अखेरीस सर्व संशयितांना एका खोलीत बसवून खुनी उघड केला जातो. या मालिकेच्या इतिहासात मात्र तसा एकच अपराधी सापडत नाही. तिचे तिन्ही प्रेक्षकवर्ग साक्षीदार आहेत, आणि इतिहासकाराने तिघांचीही साक्ष नोंदविली पाहिजे.