लेयर-दृश्यता

लेयर-दृश्यता : ग्राफिक डिझाइनच्या फाइलमधील एखादा लेयर (थर) न पुसता तात्पुरता दिसेनासा करण्याची आणि पुन्हा दाखवण्याची सोय. बहुतेक सॉफ्टवेअरांत लेयर-पॅनलमध्ये प्रत्येक लेयरच्या नावाआधी डोळ्याचे चिन्ह असते. त्यावर क्लिक केले की लेयर बंद होतो, पुन्हा केले की चालू. लपवलेला लेयर फाइलमध्ये कायम राहतो. मात्र तो पडद्यावर दिसणे, छापला जाणे आणि फाइलमध्ये असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक सॉफ्टवेअर त्यांची सांगड आपापल्या पद्धतीने घालते आणि कामातील बहुतांश चुका तिथेच होतात.

पूर्वपीठिका : चित्राचे भाग वेगवेगळ्या पारदर्शक तावांवर काढून एकावर एक ठेवण्याची पद्धत संगणकाआधीची आहे. अमेरिकेत अर्ल हर्ड याने १९१४ मध्ये सचेतपटासाठी पारदर्शक सेल (सेल्युलॉइडचे ताव) वापरण्याच्या तंत्राचे पेटंट मागितले. वास्तुरचनेच्या कार्यालयांतही मजल्याचा नकाशा, वीजजोडणी आणि नळजोडणी वेगळ्या पारदर्शक कागदांवर काढून, खुंट्यांच्या आधारे जुळवून पाहत. अडोबी फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली, तेव्हा तिच्यात लेयर नव्हते. ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. त्याआधी एकदा चिकटवलेला भाग खालच्या चित्रात कायमचा मिसळून जाई.

कार्यपद्धती : फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमध्ये प्रत्येक लेयरच्या नोंदीत दृश्यतेसाठी एक बिट राखलेला असतो. इंकस्केप या चित्ररेखनाच्या सॉफ्टवेअरमधील लेयर हा एसव्हीजी या फाइल-प्रकारातील गटच असतो आणि लपवल्यावर त्या गटाच्या शैलीत ‘डिस्प्ले : नन’ अशी नोंद होते. डोळा बंद केल्याने चित्राचा मजकूर बदलत नाही, फक्त ही नोंद बदलते.

फोटोशॉपमध्ये ऑल्ट कळ दाबून डोळ्यावर क्लिक केल्यास तो लेयर सोडून बाकीचे सारे बंद होतात. गिंपमध्ये हेच काम शिफ्ट कळ करते. लेयरचा गट बंद केला की आतले सगळे लेयर दिसेनासे होतात, पण प्रत्येकाची स्वतःची स्थिती जपली जाते. क्लिपिंग मास्कमध्ये (वरचे लेयर खालच्या लेयरच्या आकारापुरतेच दाखवण्याच्या सोयीत) पायाचा लेयर लपवला तर त्यावर बांधलेले लेयरही जातात. ॲडजस्टमेंट लेयर बंद केल्यास खालच्या लेयरांवरचा त्याचा रंगपरिणाम निघून जातो.

अपारदर्शकता शून्य टक्के करणे आणि लेयर लपवणे यांचा पडद्यावरचा परिणाम सारखाच असतो. पण शून्य अपारदर्शकतेचा लेयर सॉफ्टवेअरच्या हिशेबी दृश्यच असतो, त्यामुळे ‘मर्ज व्हिजिबल’ या आज्ञेत तोही विलीन होतो. लपवलेला लेयर मात्र वेगळा उरतो. ‘फ्लॅटन इमेज’ या आज्ञेने लपवलेले लेयर कायमचे टाकून दिले जातात. म्हणून फोटोशॉप आधी विचारून घेते.

छपाई आणि निर्यात : फोटोशॉपमध्ये जे दिसते तेच छापले जाते. कोरलड्रॉमध्ये तसे नाही. तिथे लेयरला डोळ्याबरोबर प्रिंटरचेही चिन्ह असते आणि ते चालू असेल तर लपवलेला लेयरही छापला जातो. महाराष्ट्रात लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामे करणाऱ्या दुकानांत कोरलड्रॉ रुळलेले असल्याने तिथे हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो : जुनी तारीख असलेला लेयर नुसता लपवला, तर ती तारीख छापून येऊ शकते.

इलस्ट्रेटरमध्ये लेयर दृश्य ठेवूनही त्याची छपाई बंद करता येते. अशा लेयरचे नाव पॅनलमध्ये तिरक्या अक्षरांत दिसते. इनडिझाइनमध्ये लपवलेल्या लेयरवरील चित्राभोवती मजकूर वळवलेला असेल, तर चित्र दिसेनासे झाल्यावरही मजकूर तसाच वळलेला राहतो. तो सरळ करण्यासाठी लेयरच्या पर्यायांत वेगळी निवड करावी लागते.

ऑटोकॅडमध्ये ‘ऑफ’ आणि ‘फ्रीझ’ असे दोन प्रकार आहेत. ऑफ केलेल्या लेयरवरील वस्तू दिसत नाहीत, पण ‘ऑल’ या निवडीत येतात आणि न दिसताच पुसल्या जाऊ शकतात. फ्रीझ केलेल्या लेयरवरील वस्तू या निवडीतही येत नाहीत आणि रेखाचित्र पुन्हा तयार करताना मोजल्याही जात नाहीत. त्यामुळे मोठ्या नकाशात कामाचा वेग वाढतो. ‘डेफपॉइंट्स’ हा लेयर पडद्यावर दिसतो, पण कधीच छापला जात नाही.

एका फाइलमधून अनेक आवृत्त्या : दृश्यतेमुळे एकाच फाइलमध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर, किंवा एकाच वेष्टनाचे अनेक रंग सांभाळता येतात. २००३ च्या फोटोशॉप सीएसमध्ये आलेल्या ‘लेयर कॉम्प्स’ या सोयीने लेयरांची दृश्यता, जागा आणि लेयर-शैली यांची एक स्थिती नाव देऊन साठवता येते. त्याच वर्षी पीडीएफ १.५ मध्ये ऐच्छिक मजकूर-गट, म्हणजेच पीडीएफमधील लेयर, आले. त्यांत पाहणे, छापणे आणि निर्यात यांसाठी वेगळी स्थिती नोंदवता येते. छपाईच्या जुन्या पीडीएफ/एक्स-१ए या मानकात लेयरना जागा नव्हती. पीडीएफ/एक्स-४ मध्ये ती मिळाली. वेष्टनाच्या कामात डाय-कटिंगची (कापणीची) रेघ आणि स्पॉट यूव्हीचा (निवडक चकाकीचा) भाग वेगळ्या लेयरवर ठेवला, तर ग्राहकाला नमुना दाखवताना तो लेयर लपवता येतो.

लपलेली माहिती : लपवलेला लेयर फाइलबरोबर प्रवास करतो. लेयरसह दिलेली पीडीएफ किंवा पीएसडी मिळालेली कोणतीही व्यक्ती तो उघडून पाहू शकते. इलस्ट्रेटरमध्ये संपादनक्षमता राखून साठवलेल्या पीडीएफच्या पोटात मूळ कलाकृती संपूर्ण असते, लपवलेल्या लेयरांसह. त्यामुळे गोपनीय आकडे किंवा रद्द झालेली नावे झाकण्यासाठी लेयर लपवणे पुरेसे नाही. ती काढून टाकावी लागतात. जेपीईजी आणि पीएनजीमध्ये निर्यात करताना चित्र सपाट होते आणि लपवलेला भाग मागे राहतो.

कामाची शिस्त : लेयरना ओळखू येतील अशी नावे देणे, अवांतर लेयर एका गटात ठेवणे आणि मूळ फाइल राखून छपाईसाठी वेगळी प्रत करणे ही रूढ पद्धत आहे. त्या प्रतीतून नको असलेले लेयर पुसून टाकतात आणि छापखान्यात पाठवण्याआधी तयार पीडीएफ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तपासतात.