तिसरा कर्णा आणि दिवे घाट

ज्येष्ठ वद्य नवमीच्या सुमारास पुण्यात दोन पालख्या येतात. देहूहून आलेली तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, आळंदीहून आलेली ज्ञानोबा माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात. दोन रात्री पेठांमधले वाडे, शाळा, मंगल कार्यालये माणसांनी भरून जातात. शहर या पाहुण्यांना खिचडी-लाडू वाटते, त्यांचे पाय चेपते, त्यांच्या चपला शिवून देते. मग दोन्ही पालख्या निघतात. हडपसरला त्यांची फाटाफूट होते: तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे, माउली सासवडकडे.

पंढरीची वारी तुकोबांच्याही आधीची आहे. पालखीची प्रथा मात्र त्यांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये सुरू केली, असे मानले जाते. पुढे दीडशे वर्षे तुकोबांच्या नि ज्ञानोबांच्या पादुका एकत्रच पंढरीला जात. त्या वेगळ्या निघू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकात, आणि माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले हैबतबाबा आरफळकरांनी.

हे गृहस्थ मूळचे सातारा भागातल्या आरफळचे, नोकरी ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे. लष्करातला माणूस आळंदीत येऊन राहिला आणि त्याने भक्तांच्या गर्दीला फौजेची शिस्त लावली. कृष्णाकाठच्या अंकलीचे सरदार शितोळे यांनी घोडे आणि तंबू दिले. आजही अंकलीचे अश्व चालत आळंदीला येतात. दोनांपैकी एकावर स्वार असतो, दुसरा मोकळाच. त्यावर माउली बसतात अशी श्रद्धा.

सैन्याच्या कूचाशी असलेले साम्य रोज पहाटे ऐकू येते. पहिला कर्णा झाला की आवराआवर, दुसऱ्याला दिंड्या रांगेत, तिसऱ्याला पालखी हलते. दिंड्यांना क्रमांक असतात आणि त्यांच्या जागा ठरलेल्या असतात, काही पालखीच्या रथापुढे, बाकीच्या रथामागे. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. चोपदाराने दंड उंचावला की टाळ थांबतात, हजारो माणसे गप्प होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो. हरवल्या-सापडल्या वस्तूंचीही तिथेच दवंडी. तक्रार नोंदवायची इतकी सुटसुटीत रीत फार कमी कचेऱ्यांना साधली असेल.

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. त्यातला सगळ्यात जड टप्पा पुणे-सासवड, जवळपास तीस किलोमीटर, आणि त्याच्या शेवटी दिवे घाट. तिथीच्या गणिताने हा दिवस बहुधा एकादशीचा येतो, म्हणजे सगळ्यात मोठी चाल उपाशीपोटी. चढावर रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. सासवडला म्हणूनच पुन्हा दोन रात्री मुक्काम. माउलींचे धाकटे भाऊ सोपानकाका यांची समाधीही तिथलीच. पुढे नीरा नदीत पादुकांना स्नान, चांदोबाच्या लिंबाला अश्वांच्या दौडीचे उभे रिंगण, मग फलटण, माळशिरस, वाखरी.

या चालण्याकडे पुण्यातल्या लेखकांनी डोळसपणे पाहिले. इरावती कर्वे यांना ‘वाटचाल’ या लेखात दिंडीचा जिव्हाळा दिसला, तशा जातवार वेगळ्या पंगतीही खुपल्या. दि. बा. मोकाशी १९६१ मध्ये वारीबरोबर चालले. त्याच वारीच्या काळात, १२ जुलैला, पानशेतचे धरण फुटून पुणे बुडाले. मोकाशींचे ‘पालखी’ हे पुस्तक १९६४ मध्ये आले.

व्यवस्था बदलत गेली. बैलगाड्यांच्या जागी मालट्रक आले. वारकरी दिंडीत भिशी भरतो, त्यात जेवण आणि सामानाची वाहतूक भागते. टँकर पुढच्या तळावर आधीच जाऊन थांबतो. २०२० मध्ये करोनामुळे पायी वारीच थांबली आणि पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. चालणाऱ्यांसाठी कडेने वेगळी वाट ठेवायची असे त्या आराखड्यात आहे. रुंदीकरणात जुन्या वडांची सावली गेली तर दुपारच्या विसाव्याला काय करायचे, हा प्रश्न मात्र चालणाऱ्यांपुढे उरतोच.